कंटेनर फुकट, मग पैसे कशाचे?

२०२२च्या जानेवारीतली गोष्ट. मी हिंजवडीतल्या ज्या कंपनीत आहे, तिथे एका सकाळी सगळ्यांना आयटीची मेल आली. महिनाअखेरच्या आत आपापल्या लॅपटॉपवरून डॉकर डेस्कटॉप काढून टाका, नंतर कुणाच्या मशीनवर सापडलं तर त्याच्या मॅनेजरला विचारणा होईल. त्याऐवजी काय वापरायचं याबद्दल मेलमध्ये अवाक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्टँडअपला अकरापैकी सात जणांचा ब्लॉकर एकच. आठवा म्हणाला, मी काढलेलंच नाही, बघू काय करतात ते.

मेल अर्धवट होती, पण तिच्यामागचं कारण पक्कं होतं. ३१ ऑगस्ट २०२१ला डॉकर कंपनीने डॉकर डेस्कटॉपच्या अटी बदलल्या आणि मोठ्या कंपन्यांना ३१ जानेवारी २०२२पर्यंत मुदत दिली. २५०पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी महसूल, या दोन्ही अटींत बसणाऱ्या धंद्याला ते पूर्वीसारखंच फुकट. घरच्या वापराला, शिक्षणाला आणि बिनधंद्याच्या ओपन सोर्स कामालाही फुकट. बाकी सगळ्यांनी, सरकारी खात्यांसकट, माणशी पैसे भरायचे. आपल्याकडे बऱ्याच जणांचा इथे घोटाळा होतो. ‘आमच्या प्रोजेक्टवर बाराच माणसं आहेत’ हे कारण चालत नाही. डोकी मोजायची ती अख्ख्या कंपनीची, आणि पुण्या-मुंबईतल्या सर्व्हिस कंपन्यांत ती हजारांत असतात.

तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, फुकटातलं कुठलं घेऊ? मी आधी विचारतो, मशीन कुठलं आहे? कारण पैसे द्यायचे की नाहीत याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

कंटेनर ही डॉकरने शोधलेली वस्तू नव्हे. १९७९च्या युनिक्समधल्या सीएचरूटपासून त्याची नाळ सुरू होते, २०००मध्ये फ्रीबीएसडीत ‘जेल’ आले, पुढे सोलारिसमध्ये ‘झोन’ आले. लिनक्सच्या कर्नलमध्ये हळूहळू नेमस्पेस जमा झाल्या आणि २००८च्या सुरुवातीला सीग्रुप्स आले, ते गूगलच्या इंजिनिअरांनी लिहिलेले. नेमस्पेसमुळे एखाद्या प्रोसेसला वाटतं की मशीनवर आपण एकटेच आहोत, आणि सीग्रुप्समुळे तिला मेमरी किती खाता येईल हे ठरवता येतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की कंटेनर झाला. डॉटक्लाउड नावाच्या छोट्या कंपनीच्या सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३मध्ये पायकॉन परिषदेत पाचएक मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं, तेव्हा त्यांनी नवं दिलं ते इमेज बांधायची आणि वाटायची सोपी रीत. २०१५मध्ये इमेज आणि रनटाइमचं सामायिक मानक ठरवायला ओसीआय ही संस्था उभी राहिली. त्यामुळे आज डॉकरने बांधलेली इमेज पॉडमनसारखं दुसरं साधन विनातक्रार चालवतं. कुबरनेटीसने तर मे २०२२मधल्या १.२४ आवृत्तीत डॉकरशी बोलायचा आपला जुना दुवा काढूनच टाकला आणि कुणाच्याही इमेज बदलाव्या लागल्या नाहीत.

म्हणजे कर्नल फुकट, मानक खुलं, आणि डॉकर इंजिनसुद्धा अपाची लायसन्सखाली मोकळं. उबुंटूच्या मशीनवर डॉकर इंजिन टाकून दहा हजार माणसांच्या कंपनीत वापरलं तरी त्या अटीत काही अडकत नाही.

विकतचं आहे ते वरचं वेष्टन. मॅक आणि विंडोजकडे लिनक्सचा कर्नल नाही, तेव्हा तिथे कंटेनर चालवायला आधी एक छोटं लिनक्स व्हर्च्युअल मशीन उभं करावं लागतं. त्याला मेमरी द्या, तुमच्या फाइली आत दिसतील असं करा, आतला पोर्ट बाहेर लोकलहोस्टवर आणा, ऑफिसचं व्हीपीएन चालू-बंद झालं तरी नेटवर्क टिकवा. एकेक काम ऐकायला किरकोळ आहे. ती सगळी काम करणाऱ्याच्या लक्षातही न येता होत राहणं, हे डॉकर डेस्कटॉप विकतं. त्या मेलनंतर आमच्या टीममध्ये पहिल्यांदा कित्येकांना कळलं की आपल्या मॅकच्या आत इतकी वर्षं एक लिनक्स चालू होतं.

आता हिशेब. २०२१मध्ये नव्या अटी आल्या तेव्हा टीम योजना माणशी महिना ७ डॉलर होती. २०२४च्या अखेरीच्या दरवाढीत ती १५ डॉलर झाली आणि एकट्यासाठीची प्रो योजना ५वरून ९वर गेली. बिझनेस योजना २४ डॉलरची. टीम योजनेत १०० जणांपर्यंतच माणसं बसतात, त्यापुढे बिझनेसच घ्यावी लागते.

८५ रुपयांचा डॉलर धरला तर टीम योजनेचे वर्षाचे १८० डॉलर म्हणजे १५,३०० रुपये झाले. वर्षाला ८ लाख घेणाऱ्या इंजिनिअरचा एक दिवस, २४० कामाचे दिवस धरून, साधारण ३,३०० रुपयांना पडतो. म्हणजे लायसन्स म्हणजे त्याचे साडेचार दिवस. वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या घरात पगार घेणाऱ्या अमेरिकेतल्या इंजिनिअरचे तेच १८० डॉलर जेमतेम तीन तासांत वसूल होतात. म्हणून ‘एवढ्याशा पैशासाठी फुकट साधनांशी झटापट करणं मूर्खपणा आहे’ हा तिकडचा सल्ला इथे जसाच्या तसा उचलू नये. दर दोन्हीकडे एकच, पगार मात्र वेगवेगळे. तिकडे हा प्रश्न एका दुपारीत निकालात निघतो आणि इथे खरोखर विचार करावा लागतो.

पण याच हिशेबाला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या कंपन्या सोयीस्कर विसरतात. सर्व्हिस कंपनी त्याच इंजिनिअरचा तास क्लायंटला विकते. तासाचं बिलिंग २५ डॉलर धरलं तर १८० डॉलर म्हणजे सात तास, म्हणजे जवळपास एकच दिवस. लायसन्स घ्यायचं का हे ठरवताना पगाराचा दर लावायचा आणि क्लायंटला बिल पाठवताना दुसरा, असं चालतं. शिवाय लायसन्सचा खर्च परचेसच्या शीटमध्ये एका ओळीत ठळक दिसतो. परदेशी पेमेंटचे कागद आणि रिव्हर्स चार्जचा जीएसटी यांमुळे तो परचेसवाल्यांना आणखीच डोळ्यांवर येतो. माणसाचा फुकट गेलेला दिवस मात्र कुठल्याच शीटमध्ये उमटत नाही. टाइमशीटमध्ये त्या दिवशी ‘डेव्हलपमेंट’ असंच भरलेलं असतं.

लिनक्सवर असाल तर पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडून दिलेत तरी चालेल. डॉकर इंजिन टाका आणि कामाला लागा. दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. डॉकर ग्रुपमध्ये नाव घातलेला माणूस त्या मशीनवर रूटच असतो, फक्त तसं म्हणत नाहीत. आणि यूएफडब्ल्यूने पोर्ट बंद केलाय या भरवशावर राहू नका. डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट त्या भिंतीला वळसा घालून बाहेर उघडा पडतो.

विंडोजवर २०२०पासून डब्ल्यूएसएल २ आहे. त्यात उबुंटू, उबुंटूत डॉकर इंजिन, झालं काम. पूर्वी दर वेळी सर्व्हिस हाताने चालू करावी लागे. २०२२मध्ये डब्ल्यूएसएलला सिस्टिमडी आलं आणि तो त्रास गेला. राहिलेल्या दुखण्यांपैकी एक म्हणजे सी ड्राइव्हवर ठेवलेला कोड, जो आतून वाचताना इतका रखडतो की बिल्ड लावून चहा पिऊन यावं. कोड उबुंटूच्या पोटात ठेवला की ते थांबतं. दुसरं दुखणं ऑफिसचं व्हीपीएन. ते लागलं की डब्ल्यूएसएलमधलं डीएनएस गप्प होतं. हे आयटीकडे घेऊन जाल तर बहुधा तुम्हीच त्यांना समजावून सांगत बसाल. तरीही विंडोजवाल्या टीमला मी पैसे भरायला सांगणार नाही.

मॅकवर मात्र गर्दी आहे. कोलिमा हे एमआयटी लायसन्सचं छोटं कमांड लाइन साधन आहे. ते आत लिमा वापरतं, आणि लिमा अकिहिरो सुदा यांनी २०२१मध्ये सुरू केलेला प्रकल्प आहे. कोलिमाला खिडकी नाही, बटणं नाहीत. एक कमांड दिली की व्हर्च्युअल मशीन उभं राहतं आणि तुमची नेहमीची डॉकर कमांड चालायला लागते. मी स्वतः चार वर्षं हेच वापरतोय. रँचर डेस्कटॉप सूझेचं, १.० आवृत्ती जानेवारी २०२२ची, म्हणजे बरोबर त्या मुदतीच्या महिन्यातली. त्याला खिडकीही आहे आणि आत छोटं कुबरनेटीसही. ज्यांना कुबरनेटीस हवंच आहे त्यांनी दुसरीकडे बघू नये. बाकीच्यांना ते जड जातं, आणि पहिल्याच दिवशी कुबरनेटीस बंद केलं नाही तर लॅपटॉपचा पंखा आठवण करून देतो. ऑर्बस्टॅक २०२३चं, फक्त मॅकसाठी आणि सगळ्यांत चपळ. पण ते ओपन सोर्स नाही, आणि धंद्याच्या वापराला माणशी महिना ८ डॉलर पडतात. म्हणजे पैसे द्यायची तयारी असेल तर डॉकर डेस्कटॉप हा एकच दुकानदार नाही. जून २०२५मध्ये खुद्द अ‍ॅपलने ‘कंटेनर’ याच नावाचं साधन मोकळं केलं. त्यात प्रत्येक कंटेनरला स्वतःचं वेगळं छोटं व्हर्च्युअल मशीन मिळतं. कल्पना उत्तम आहे, पण जाहीर झालं तेव्हा त्यात कंपोज नव्हतं, आणि कंपोजशिवाय आमच्याकडे एकही प्रोजेक्ट उठत नाही.

पॉडमनबद्दल सावकाश बोलायला हवं, कारण ‘फुकट पर्याय’ म्हटलं की पहिलं नाव त्याचं निघतं. रेड हॅटमध्ये जन्मलेला हा प्रकल्प. १.० आवृत्ती २०१९ची, खिडकीवालं पॉडमन डेस्कटॉप २०२३चं, आणि आता ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. मागे सतत चालणारा डेमन नाही, आणि कंटेनर मुळातच रूटशिवाय चालतात. सुरक्षिततेच्या नजरेने ते डॉकरपेक्षा सरस आहे, याबद्दल मला शंका नाही. कमांड जवळपास त्याच. ‘डॉकर’ला ‘पॉडमन’चं टोपणनाव द्या आणि विसरून जा, असं त्याचे चाहते सांगतात. विसरून जाता येत नाही, हा माझा अनुभव.

त्या जानेवारीत आमच्या टीममधल्या लिनक्सवाल्या तिघांनी उगाच उत्साहाने पॉडमन घेतलं. गरज त्यांना नव्हतीच, मेल मॅक-विंडोजवाल्यांसाठी होती. पहिल्या तासात पोस्टग्रेस उठलं. दुसऱ्या तासात डेटाबेस नव्याने भरायचा म्हणून एकाने डेटाची फोल्डर पुसायला घेतली, तर परवानगी नाही. स्वतःच्याच होम फोल्डरमधली, स्वतःच बनवलेली फोल्डर! मालक कोण म्हणून बघितलं तर १००९९८ असा आकडा, त्या नावाचा युजर मशीनवर नाहीच. कारण समजलं की यात काही अवघड नाही. पोस्टग्रेस कंटेनरच्या आत ९९९ क्रमांकाच्या युजरने चालतं, आणि रूटशिवायचा पॉडमन आतल्या क्रमांकांना बाहेर एक लाखाच्या पुढच्या राखीव क्रमांकांवर बसवतो. ‘पॉडमन अनशेअर’च्या आतून पुसली की फोल्डर जाते. पण हे माहीत होईपर्यंत पठ्ठ्याने मशीन दोनदा रीस्टार्ट केलं होतं, आणि रीस्टार्टनंतर एकही कंटेनर आपोआप उठला नव्हता, कारण उठवायला डेमनच नाही. ते काम सिस्टिमडीकडे सोपवावं लागतं. त्यानंतर टेस्ट. आमच्या जावाच्या टेस्ट टेस्टकंटेनर्स लायब्ररीवर चालतात आणि ती डॉकरची सॉकेट फाइल नेहमीच्या जागी शोधते. पॉडमनची सॉकेट दुसरीकडे असते, आणि तीही आधी चालू करावी लागते. संध्याकाळी साडेसहाला तिघांपैकी दोघांनी मुकाट्याने डॉकर इंजिन परत टाकलं.

तिसरा टिकला. तो आजही पॉडमनवरच आहे आणि खूश आहे. त्याला आत काय चाललंय हे बघायला आवडतं. पॉडमन अशा माणसासाठी आहे.

कोलिमाही निर्दोष नाही. एका सहकारी मुलीच्या मॅकवर टेस्ट मध्येच मरायच्या, लॉगमध्ये काही नाही, नुसता १३७ हा कोड. तिने अर्धा दिवस आपल्या कोडमध्ये चूक शोधली. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे कुणीतरी बाहेरून प्रोसेसला ठार मारलं. मारणारा कर्नल होता, कारण कोलिमा न सांगता २ जीबी मेमरीवर उठतं, आणि आम्ही त्यात पोस्टग्रेस, काफ्का आणि इलास्टिकसर्च एकदम कोंबत होतो. मेमरी ८ करून कोलिमा परत चालू केलं, संपलं. डॉकर डेस्कटॉपमध्ये हाच आकडा सेटिंग्जमध्ये सरकपट्टीवर समोर दिसतो. ती सरकपट्टी म्हणजेच ते १५ डॉलर, असं मी तेव्हा गमतीने म्हटलं होतं. तिला ते फारसं गमतीचं वाटलं नाही.

लॅपटॉपवरच्या साधनाची चर्चा रंगते तेव्हा दुसरं बिल विसरलं जातं. ते म्हणजे इमेज जिथून येतात त्या डॉकर हबचं. नोव्हेंबर २०२०मध्ये हबने मर्यादा घातली. नाव न सांगता इमेज ओढणाऱ्याला दर सहा तासांना १००, लॉगइन करून ओढणाऱ्या फुकट खात्याला २००. निनावी मोजणी आयपी पत्त्यावर होते, आणि ऑफिसातल्या सगळ्यांचा बाहेरचा आयपी एकच असतो. सकाळी दहाला दीडशे जणांनी बिल्ड लावले की साडेदहाला ‘टू मेनी रिक्वेस्ट्स’चा संदेश, आणि जो तो आपल्या नेटला शिव्या घालतोय. यावर पॉडमन, कोलिमा, रँचर यांतलं काहीच उपयोगी नाही, कारण तेही त्याच विहिरीवर पाणी भरतात. ऑफिसात इमेजचा एक कॅशे ठेवणं, हा लायसन्सपेक्षा कितीतरी स्वस्त आणि आधी करायचा उपाय. मार्च २०२३मध्ये हबवरची फुकट टीम खाती बंद करायचंही डॉकरने जाहीर केलं होतं. ओपन सोर्सवाल्यांनी गदारोळ केल्यावर कंपनीने माफी मागितली आणि दीड आठवड्यात निर्णय मागे घेतला. फुकट दिलेलं परत घेता येतं, हे त्या प्रकरणात सगळ्यांना दिसलं.

मग पैसे भरून जास्तीचं काय मिळतं? मोठ्या कंपनीला मिळतो ताबा. बिझनेस योजनेत कंपनीच्या लॉगइनने सगळ्यांना आत घेता येतं, कुणी कुठल्या इमेज ओढायच्या यावर लगाम घालता येतो, सेटिंग कुलूपबंद करता येतात. बँकेचं किंवा विम्याचं काम करणाऱ्या कंपनीत ऑडिटवाला समोर बसतो, तेव्हा प्रत्येक लॅपटॉपवर वेगवेगळ्या आवृत्तीचं कोलिमा आहे हे उत्तर त्याला चालत नाही. तिथे २४ डॉलर योग्य आहेत आणि त्यावर घासाघीस करणं मला पटत नाही. पण पैसे भरले म्हणजे चिंता मिटली असंही कुणी समजू नये. जानेवारी २०२५मध्ये सहीच्या प्रमाणपत्राच्या चुकीमुळे मॅकने डॉकर डेस्कटॉपच्याच फाइलींना मालवेअर ठरवून अडवलं होतं, आणि अनेकांचं ते उघडेचना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक गंभीर भगदाड बुजवावं लागलं. त्यातून कंटेनरमधला कोड कुठलीही ओळख न देता थेट इंजिनला हुकूम सोडू शकत होता. दुरुस्ती ४.४४.३ आवृत्तीत आली. विकतचं असो की फुकटचं, अपडेट करायचं काम चुकत नाही.

आमच्यासारख्या वीस-पंचवीस जणांच्या टीमला मी सांगतो ते असं. लिनक्स आणि विंडोजवाल्यांनी डॉकर इंजिन घ्यावं. मॅकवाल्यांपैकी ज्यांना टर्मिनलचं वावडं नाही त्यांनी कोलिमा. जे मुख्यतः फ्रंटएंड करतात, ज्यांच्यासाठी कंटेनर म्हणजे पलीकडे चालणारं एपीआय एवढंच आहे, त्यांना विकतचं घेऊन द्यावं. डॉकर डेस्कटॉप किंवा ऑर्बस्टॅक, काहीही. लायसन्स माणशी असतं, सगळ्यांना एकच साधन हवं असा कुठे नियम नाही. आमच्या टीमने गेल्या वर्षी अशी चार लायसन्सं घेतली. मंजुरीला सात आठवडे लागले, आणि तेवढ्या वेळात त्या चौघांनी मिळून किती दिवस घालवले ते मी मोजलं होतं, पण कुणी विचारलं नाही.

फुकटच्या बाजूचा खर्च कुठे जातो, तेही सांगायला हवं. प्रत्येक टीममध्ये एकजण असतो ज्याला या गोष्टी कळतात. १३७ त्याला माहीत असतो, व्हीपीएनचं डीएनएस तो दुरुस्त करतो, नव्या मॅकवर इंटेलची जुनी ओरॅकलची इमेज कशी चालवायची हे त्यालाच येतं. लायसन्सचे वाचलेले पैसे त्याच्या दुपारींमधून जातात. त्याबद्दल अप्रेझलमध्ये कधी काही लिहून येत नाही. आमच्याकडे तो पॉडमनवाला. त्याने रिपॉझिटरीत ‘कंटेनर चालत नसेल तर’ अशी फाइल सुरू केली होती, पहिल्या महिन्यात सहा ओळींची. आता ती दोनशे ओळींवर गेली आहे. गेल्या सोमवारपासून तो नोटीस पिरियडवर आहे. केटीच्या वेळापत्रकात पेमेंट सर्व्हिसला तीन दिवस दिलेत, रिपोर्टिंगला दोन, आणि त्या फाइलला शुक्रवारी जेवणानंतरचा अर्धा तास.